मेळाव्याआधी बेरोजगारीचा प्रकार ओळखा : राज्यातील जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
महाराष्ट्र राज्यातील सर्व जिल्हे

विषय : बेरोजगारीच्या प्रकारांनुसार जिल्ह्याचे नियोजन करण्याबाबत

महोदय / महोदया,

रोजगार हमीच्या कामांचे जिल्हा कार्यक्रम समन्वयक आपण आहात आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समितीचे अध्यक्षही आपणच आहात. काम नसलेल्या माणसाशी संबंध येणाऱ्या या दोन्ही खुर्च्या एकाच व्यक्तीकडे असणे ही मोठी सोय आहे, पण तिचा उपयोग होताना दिसत नाही. एका बैठकीत मनुष्यदिवस मोजले जातात, दुसरीत रोजगार मेळाव्याला किती उमेदवार आले ते. कोणाला कोणत्या कारणाने काम नाही, हे दोन्हीकडे विचारले जात नाही.

या पत्रावर सह्या करणाऱ्यांत आयटीआयचे निदेशक आहेत, रोजगार हमी योजनेवर (रोहयो) काम करणारे कार्यकर्ते आहेत, अर्थशास्त्राचे अध्यापक आहेत. आमचे म्हणणे एकच आहे. हंगामी, प्रच्छन्न, संरचनात्मक, घर्षणजन्य, चक्रीय हे बेरोजगारीचे प्रकार पाठ्यपुस्तकात गुण मिळवण्यापुरते शिकवले जातात आणि प्रशासनात आल्यावर विसरले जातात. प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की निधी खर्च होतो आणि माणूस होता तिथेच राहतो. सध्या बहुतेक जिल्ह्यांत साऱ्या प्रकारांवर एकच उपाय चालतो, तो म्हणजे रोजगार मेळावा. तो यांपैकी फक्त एका प्रकारावर चालतो, आणि तोही नीट भरवला तरच.

आधी आकड्याबद्दल. आपल्या टेबलावर बेरोजगारीचा जो दर येतो तो श्रमशक्ती सर्वेक्षणाचा असतो. त्यातल्या ‘नेहमीच्या स्थिती’नुसार देशाचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. हा दर काढताना वर्षात ३० दिवस किंवा अधिक काम केलेली व्यक्तीही दुय्यम स्थितीने, म्हणजे जोडकाम करणारी म्हणून, रोजगारात धरली जाते. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास काम केले तरी माणूस रोजगारात येतो. या व्याख्या चुकीच्या नाहीत, त्यांचा हेतू वेगळा आहे. पण पाच महिने ऊस तोडून सात महिने घरी बसणारी बाई या मोजणीत बेरोजगार ठरत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. २०११-१२ च्या सर्वेक्षणापर्यंत दैनिक स्थितीचा, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस मोजून काढलेला, दरही छापला जाई. त्या वर्षी नेहमीच्या स्थितीने बेरोजगारी २.२ टक्के होती आणि दैनिक स्थितीने ५.६ टक्के. देश तोच, वर्ष तेच. मधली तफावत म्हणजे हंगामी आणि अर्धवट काम करणारी माणसे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच सांगून ठेवले होते की आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत बेरोजगारीचा एकच एकत्रित आकडा काढू नये, गट पाडून वेगवेगळे मोजावे. आम्ही तेच जिल्ह्याच्या पातळीवर मागत आहोत.

सर्वांत मोठा प्रकार हंगामी बेरोजगारीचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. कोरडवाहू शेतीत जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर काम असते. सोयाबीन निघाले, कापसाच्या वेचण्या संपल्या की गावातले मजुरीचे काम आटते. तणनाशकाने तर जुलै-ऑगस्टची खुरपणीही कमी केली आहे. ही मजुरी जवळजवळ पूर्णपणे बायकांची होती, त्यामुळे पावसाळ्यातही बायकांचे कामाचे दिवस घटले आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही. पालघर-रायगडात भात निघाल्यावर कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. नंदुरबारची माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे कारखान्यांवर निघतात.

ऊसतोडीचे स्थलांतर दिवाळीला होते, पण त्याचा निर्णय ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच झालेला असतो. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तेव्हा मिळते. उचल एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एकत्र दिली जाते. हंगामात तोडलेल्या टनांतून ती वळती होते आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. आता रोहयोचे वेळापत्रक यापुढे ठेवून पाहा. जून ते सप्टेंबर बहुतेक गावांत हजेरीपटच निघत नाही, कारण शेल्फवर, म्हणजे मंजूर करून ठेवलेल्या कामांच्या यादीत, असलेली कामे मातीकामाची असतात आणि ती पावसात करता येत नाहीत. ऑक्टोबरनंतर कामे सुरू होतात, तोवर गाव रिकामे झालेले असते. तालुक्याचा अहवाल मग सांगतो की ‘मजुरांची मागणी नाही’. मागणी होती, पण ती जुलैत होती.

म्हणून ऊसतोडीच्या तालुक्यांत पावसाळ्यात करता येतील अशी कामे मे महिन्यातच तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता घेऊन तयार ठेवा : रोपवाटिका, वृक्षलागवड आणि तिची देखभाल, फळबाग लागवड, तुती लागवड, गाव-शिवारातला चर-बांधावरचा गवत-बियाणे पेरा. कामांची निवड करताना आणखी एक गोष्ट पाहा. सिंचन विहीर, गोठा, शेततळे ही वैयक्तिक लाभाची कामे जमीन असलेल्याच्या शेतात होतात आणि तिथे मजूर कोण लावायचे हे बहुतेक वेळा मालकच ठरवतो. भूमिहीन कुटुंबाला सार्वजनिक काम लागते. उचल घ्यावी लागते ती प्रामुख्याने याच कुटुंबांना. तालुक्याच्या शेल्फवर सार्वजनिक काम एकही नसेल तर कागदावर कितीही कामे असोत, या कुटुंबांसाठी हमी बंदच आहे.

मागणीचा कागद हे दुसरे गळतीचे ठिकाण. नमुना ४ भरून काम मागितले की दिनांकासह पोच मिळाली पाहिजे, आणि १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो. मनरेगाच्या कायद्यात तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा होता. प्रत्यक्षात भत्त्याची जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून पोचच दिली जात नाही. ग्रामरोजगार सेवक तोंडी सांगतो की काम निघाले की कळवू. कधी काम निघाल्यावर त्याच तारखेची मागणी ऑनलाइन भरली जाते, म्हणजे विलंब शून्य दिसतो. हे पकडायला मोठी यंत्रणा लागत नाही. ज्या ग्रामपंचायतींत मागणीची तारीख आणि हजेरीपट निघाल्याची तारीख नेहमी एकमेकींना चिकटलेली दिसते, त्या दहा गावांत आपला एक अधिकारी पाठवा आणि मजुरांना विचारा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे, आणि पेरणी-कापणीच्या गर्दीच्या काळात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे. ते ६० दिवस कोणते, हा प्रश्न हंगामी बेरोजगारीच्या मुळाशी जातो. पूर्ण जिल्ह्याला एकच तारीख लावली तर काय होईल याचे उदाहरण रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळते. तिथे जून-जुलैत भाताची पेरणी आणि लावणी असते, मजूर मिळत नाहीत, म्हणून कामे थांबवावीत असे कोणालाही वाटेल. पण १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंदीचे आहेत. यांत्रिक नौकांवरचा खलाशी आणि बंदरावर मासळी निवडणारी, सुकवणारी बाई यांना नेमके त्याच दिवसांत काम नसते. डोंगराकडच्या गावाचा भर हंगाम हा किनाऱ्यावरच्या गावाचा रिकामा काळ आहे. दोन्ही गावे एकाच तालुक्यात असू शकतात. म्हणून थांबवण्याचा काळ ग्रामपंचायतीनुसार ठरावा, निदान किनारा आणि डोंगर असे दोन भाग तरी पडावेत, असा लेखी अभिप्राय आपण राज्याला द्यावा. ऊसतोडीच्या तालुक्यांत जुलै-ऑगस्ट बंद ठेवणे म्हणजे मुकादमाची वाट मोकळी करणे होईल, हेही त्यात लिहावे.

या राज्याला हे नवीन नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला, १९७२ च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला आणि तो आजही घेतला जातो. केंद्राच्या १०० दिवसांपुढचे काम राज्याच्या निधीतून देण्याची परंपराही याच कायद्याची आहे. तेव्हा केंद्राचे दिवस संपले म्हणून हजेरीपट बंद, हे उत्तर महाराष्ट्रात तरी कोणा तहसीलदाराने देऊ नये.

प्रच्छन्न बेरोजगारी डोळ्यांना दिसत नाही, कारण तिच्यातला प्रत्येक जण कामावर असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन-तूर असेल आणि घरात चार मोठी माणसे असतील, तर वर्षातले बहुतेक दिवस दोघांचेच काम चौघे वाटून घेतात. ओळखण्याची कसोटी सोपी आहे : एक जण वर्षभर बाहेर गेला तर शेताचे उत्पन्न घटेल का? नाही घटत तर तो जण रोजगारात नव्हता. देशात २०२३-२४ मध्ये ४६ टक्के कामकरी शेतीत होते आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या जवळपास आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर फारच जपून वाचावे. त्यांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ च्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. दर सुधारला, पण बाईच्या हातात पैसा आला नाही.

अशा घरातल्या मुलाला मेळाव्याचा लघुसंदेश पाठवून काही होत नाही. त्या घराला लागते तालुक्यातच असलेले आणि वर्षभर पसरलेले काम. रेशीम हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एका एकर तुतीवर वर्षाला चार-पाच पिके निघतात. एक पीक अळी फुटल्यापासून कोष काढेपर्यंत महिन्याच्या आत हाती येते आणि पाला तोडणे, घालणे, स्वच्छता यांत घरातली दोन माणसे रोज गुंततात. लागवड रोहयोतून करता येते. कोषांसाठी जालन्यात बाजारपेठ आहे. बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. संगोपनगृह पत्र्याचे, एप्रिल-मेत आतले तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि अळ्या मरतात. पहिल्या दोन अवस्थांतल्या, म्हणजे चॉकीच्या अळ्या घरी वाढवताना रोग शिरतो, म्हणून त्या चॉकी केंद्रातूनच घ्याव्या लागतात, आणि केंद्र लांब असते. तिसरे म्हणजे संगोपनगृहाच्या कुशल भागाचे, म्हणजे साहित्य आणि कारागिरांचे, देयक महिनोन्‌महिने अडकते, शेतकरी कर्ज काढून शेड उभारतो आणि पहिली दोन पिके व्याजात जातात. या तिन्ही अडचणी आपल्या अधिकारात सुटण्यासारख्या आहेत, आणि तुतीची नवी लागवड वाढवण्याआधी त्या सुटाव्यात.

आता मेळाव्याकडे येतो. काम आहे, माणूसही आहे, दोघांची गाठ पडत नाही, ही घर्षणजन्य बेरोजगारी. मेळावा हा हिच्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो आम्हाला हवाच आहे. पण त्यात दोन दोष सतत दिसतात. कंपनीची एकच गरज दोन-तीन मनुष्यबळ ठेकेदार आपापल्या नावाने आणतात, त्यामुळे जाहीर झालेल्या जागा खऱ्या जागांहून जास्त दिसतात. आणि ‘निवड’ हा मेळाव्याचा शेवटचा आकडा धरला जातो. प्रत्यक्षात निवड, रुजू होणे आणि टिकणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत जास्त गळती शेवटच्या दोहोंत होते.

कारण साधे हिशेबाचे आहे. महिन्याच्या १ तारखेला रुजू झालेल्या मुलाचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत येतो. म्हणजे ३७ दिवस हातात काही नाही. चाकणला किंवा वाळूजला खोलीची अनामत आधी, खानावळीचे पैसे आधी, कंपनीची बस नसेल तर रोजचे भाडे वेगळे. गडचिरोली-गोंदियाहून आलेल्या मुलाजवळचे पैसे तिसऱ्या आठवड्यात संपतात आणि तो परततो. कंपनीच्या नोंदीत ‘न सांगता गैरहजर’ असे लागते. पुढच्या वेळी ती कंपनी त्या भागातल्या मुलांना बोलावत नाही.

मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक जागेसाठी कंपनीकडून पाच गोष्टी लेखी घ्या आणि मंडपात मराठीत लावा : वजावटीनंतर हातात येणारा पगार, नेमणूक कोणाच्या नावावर (कंपनी की ठेकेदार, आणि ठेकेदार असेल तर त्याचा परवाना क्रमांक), मुदत, पाळ्या, राहण्याची सोय. प्रशिक्षणार्थीची जागा असेल तर ‘प्रशिक्षणार्थी’ असेच लिहून घ्या. जिल्हा वार्षिक योजनेतून पहिल्या ४५ दिवसांसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम द्या आणि तीन पगारांतून ती परत घ्या. मेळाव्याचा अहवाल ९० दिवसांनी करा. किती जण अजून कामावर आहेत, हा एकच आकडा त्यात असला तरी चालेल. रिक्त जागा कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्यापासून २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर होते आणि तिमाही विवरणपत्रे मागवण्याची रीत होती. आता कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नवी पद्धत बसेपर्यंत ही माहिती मागवणे थांबू नये, नाहीतर राज्याच्या रोजगार नोंदणीच्या महास्वयम् पोर्टलवर उमेदवारांची यादी वाढत राहील आणि जागांची रिकामी.

संरचनात्मक बेरोजगारी मात्र गाठ घालून दिल्याने सुटत नाही. माणसाला येते ते काम उरलेले नसते आणि जे काम आहे ते त्याला येत नसते. मुंबईने हे सर्वांत क्रूर स्वरूपात पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी फार मोठ्या हिश्श्याचे काम कायमचे गेले. साचेखात्यातल्या, म्हणजे मागावरच्या, कसबाला दुसऱ्या कुठल्या उद्योगात भाव नव्हता, आणि चाळिशीतल्या विणकराला नवे काम शिकवण्याची व्यवस्था त्या वेळी उभी राहिली नाही. आज तसाच बदल उसाच्या फडात होतो आहे. ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाले आहे. यंत्र येणे चुकीचे नाही, तोडणीचे काम माणसाची पाठ मोडते. पण यंत्राला अनुदान देणारे कागद आणि कोयता सुटणाऱ्या जोडप्याच्या पुढच्या कामाचे कागद एकाच फायलीत असायला हवेत. ज्या जिल्ह्यात यंत्रे येतात आणि ज्या जिल्ह्यातून मजूर येतात ते जिल्हे वेगळे आहेत, म्हणून कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या आणि बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी एकमेकांना यंत्रांची आणि कोयत्यांची संख्या कळवावी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे ओळखपत्रांची नोंद आहे, ती यासाठी वापरता येईल.

आयटीआयमध्ये कुठे अडते ते आम्ही आतून जाणतो. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. वेल्डरच्या अभ्यासक्रमात मिग आणि टिग (गॅसच्या आवरणात होणारे) वेल्डिंग आहे, कारखान्यांना तेच हवे आहे. पण गॅसचा सिलिंडर आणि वायर वर्षाच्या मध्येच संपते, कच्च्या मालाचे अनुदान उशिरा येते आणि सराव साध्या आर्क वेल्डिंगवर होतो. त्यातही सळ्या मोजून मिळाल्या तर निदेशक करून दाखवतो आणि मुले बघतात. वेल्डिंग हाताने जळल्याशिवाय येत नाही. २० जणांच्या तुकडीला चालू स्थितीतले सीएनसी (संगणकावर चालणारे) यंत्र एकच असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम तास येतो. नवे व्यवसाय सुरू करण्याचा आग्रह होतो तेव्हा आम्हाला सांगावेसे वाटते की आधी चालू व्यवसायांचा कच्चा माल जूनमध्ये द्या. नवा दोन वर्षांचा व्यवसाय आज मागितला, तर मंजुरी, यंत्रे, निदेशकाचे पद आणि प्रवेश धरून पहिली तुकडी बाहेर पडायला चार वर्षे सहज लागतात. तोवर मागणी बदललेली असते. त्यापेक्षा तीन महिन्यांचा पूरक वर्ग स्थानिक एमआयडीसीतल्या यंत्रावरच घेणे लवकर होते.

शिकाऊ उमेदवारीचे हत्यार तर कायद्यानेच हातात दिले आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. जिल्ह्यात अशा आस्थापना किती, किमान जागा किती होतात आणि भरल्या किती, ही यादी दर तिमाहीला कौशल्य समितीपुढे ठेवा. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन मिळाले. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ११ महिन्यांची झाली. या मुलामुलींतली बरीच शासकीय कार्यालयांत बसली आणि मुदत संपल्यावर तिथे पद नव्हते. त्यांनी कायम करा म्हणून आंदोलने केली, कारण जे काम शिकले त्याचा मालक फक्त सरकारच होते. पुढच्या वेळी निम्म्याहून अधिक जागा खासगी आस्थापनांत असाव्यात, हे जिल्हा समिती ठरवू शकते.

सुशिक्षितांची बेरोजगारी संरचनात्मक प्रकारातच घातली जाते, पण आपल्याकडे तिचे मोठे रूप रांगेत थांबण्याचे आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज होते आणि खुल्या प्रवर्गाचे शुल्क १,००० रुपये होते. ही मुले आळशी नाहीत, त्यांचा हिशेब चुकीचाही नाही. तलाठ्याचा पगार, निश्चिती आणि गावातला मान एकीकडे, ठेकेदाराकडची अकरा महिन्यांची नोकरी दुसरीकडे, तर थांबणे शहाणपणाचेच वाटते. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे, म्हणजे थांबायला दीड-दोन दशके उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो थांबण्याचा काळ अनिश्चित असण्याचा. जिल्हा परिषदांच्या गट क पदांची २०१९ मध्ये निघालेली जाहिरात रद्द झाली आणि परीक्षा २०२३ मध्ये नव्या जाहिरातीने झाली. ज्याने २४ व्या वर्षी अर्ज भरला त्याने २८ व्या वर्षी पेपर दिला. मधली चार वर्षे पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात अभ्यासिकेत गेली, आणि या काळाचा अनुभव म्हणून कोणी उपयोग धरत नाही.

भरतीचे वेळापत्रक मंत्रालयातून ठरते, हे आम्ही जाणतो. पण पद अडकण्याचे एक कारण जिल्ह्यातच असते : बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची नोंदवही, वेळेत अद्ययावत होत नाही, मागासवर्ग कक्षाच्या तपासणीत त्रुटी निघतात, फाईल परत येते आणि त्या जिल्ह्याचे मागणीपत्र जात नाही. दरवर्षी ३१ मार्चपूर्वी सर्व गट क संवर्गांची बिंदुनामावली तपासून घेणे आणि पुढच्या वर्षी निवृत्तीने रिकामी होणारी पदे संवर्गनिहाय संकेतस्थळावर लावणे, एवढे आपण करू शकता. जिल्ह्यात पुढल्या दोन वर्षांत ग्रामसेवकाची बाराच पदे आहेत, हे मुलाला दिसले तर किती थांबायचे ते तो स्वतः ठरवील.

चक्रीय बेरोजगारी मंदीबरोबर येते आणि तेजीबरोबर जाते. तिला नवे कौशल्य लागत नाही, तो मधला काळ तग धरण्याची व्यवस्था लागते. एप्रिल-जून २०२० मध्ये देशातला शहरी बेरोजगारीचा दर २०.८ टक्के झाला होता. तेवढे मोठे संकट नसले तरी वाहन उद्योगाची मागणी घसरली की पुण्या-नाशिकच्या पट्ट्यात आधी जादा तास बंद होतात, मग तिसरी पाळी, मग ठेकेदाराची माणसे कमी होतात. कायम कामगाराला ले-ऑफचा, म्हणजे काम तात्पुरते बंद ठेवल्याचा, मोबदला असतो, ठेकेदाराच्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळण्याची सोय त्यासाठीच आहे. ती हुकते कारण ठेकेदार बदलताना वर्गणीत खंड पडतो आणि अर्जदार अपात्र ठरतो, किंवा जुना ठेकेदार नोकरी सोडल्याची तारीखच नोंदवत नाही, म्हणून कागदावर माणूस अजून कामावर असतो. सहायक कामगार आयुक्तांनी ठेका बदलण्याच्या वेळी ही नोंद तपासावी. मंदीची चाहूल लागण्यासाठी ईएसआयच्या वर्गणीदारांची संख्या आणि महावितरणकडून एमआयडीसीचा वीजवापर दरमहा मागवा. दोन्ही आकडे सलग तीन महिने उतरले तर बैठक बोलवा.

हे सगळे करायला जिल्ह्याचा स्वतःचा आकडा हवा. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या नमुन्याची रचना जिल्हा धरून केलेली आहे. राज्याने अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत जोड नमुना वाढवला तर जिल्ह्याचे अंदाज काढणे आवाक्यात येईल. जिल्हा नियोजन समितीत तसा ठराव घ्यावा. तोवर थांबायचे कारण नाही. ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्रामसेवक आणि ग्रामरोजगार सेवकाने घरनिहाय एक साधी यादी करावी : मागच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यांत काम नव्हते, बाहेर कोण आणि कुठे गेले, उचल घेतली का, घरातले कोण शिकलेले आहे आणि कशाच्या तयारीत आहे, कोणाचे काम सुटले आणि का. यादी तालुक्याला १५ सप्टेंबरपर्यंत यावी, म्हणजे पुढच्या वर्षाच्या कामांचे नियोजन आणि कौशल्य समितीचा आराखडा या दोन्हींना ती मिळेल. दोन्ही बैठका त्यानंतर एकाच दिवशी, एकामागून एक घ्याव्यात. पहिल्या यादीत चुका असतील, काही गावे मागच्या वर्षीचीच उतरवून पाठवतील. दहा टक्के गावांत फेरतपासणी ठेवली तर दुसऱ्या वर्षी ती सुधारेल.

या यादीचा नमुना आणि मेळाव्यासाठीचा पाच मुद्द्यांचा तक्ता आम्ही तयार केला आहे. ज्या जिल्ह्याला हवा असेल त्याला देऊ आणि ग्रामरोजगार सेवकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण विनामोबदला घेऊ. ऊसतोडीच्या आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांनी आधी मागावा, कारण त्यांच्या तारखा सर्वांत लवकर येतात.

कळावे,

आपले,
आयटीआयमधील निदेशक, रोजगार हमीवर काम करणारे कार्यकर्ते आणि अर्थशास्त्राचे अध्यापक